रोगजंतूंची उत्तरपत्रिका

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बी.ए., बी.एड. झालेला भाषेचा शिक्षक. रोगजंतूंवर बोलायला उभा राहिलो हे पाहून आमच्या विज्ञानाच्या सरांना हसू येत असेल. परंतु कॉपी पकडणे हा प्रत्येक शिक्षकाचा विषय आहे, आणि मला सांगायचे आहे ते त्याच जातीचे आहे.

दोन मुलांची उत्तरे बरोबर आली तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. दोघांनीही अभ्यास केला असेल. पण दोघांनी एकच विचित्र चूक एकाच ठिकाणी केली, तर तपासणाऱ्याला संशय येतोच. तिसऱ्या पेपरात त्याच चुका आणि वर एक नवी सापडली, की कोणाचे पाहून कोणी लिहिले याचाही अंदाज बांधता येतो.

जंतू अशीच नक्कल करीत वाढतात. एकाचे दोन होताना जनुकांचा सगळा मजकूर उतरवला जातो. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूचा मजकूर सुमारे २८ लाख अक्षरांचा. अक्षरे मात्र चारच! क्वचित एखादे अक्षर चुकते आणि ती चूक पुढच्या पिढ्यांत उतरत जाते.

हा जंतू सुमारे तिघांपैकी एका निरोगी माणसाच्या नाकात निमूटपणे राहतो. रक्तात शिरला तर मात्र जिवावर बेतते. त्याच्यावर मेथिसिलिन हे औषध निघाले आणि १९६१ सालीच त्याला दाद न देणारे जंतू ब्रिटनमध्ये आढळले. त्यांना एमआरएसए म्हणतात.

२०११ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या रोझी हॉस्पिटलात, नवजात बालकांच्या विशेष कक्षात, सहा महिन्यांत १२ बाळांच्या अंगावर एमआरएसए सापडला. साथ म्हणावी, तर मध्ये कित्येक दिवस एकही बाधित बाळ नव्हते. कोणते औषध लागू पडते एवढेच नेहमीच्या तपासणीत कळते; ते म्हणजे नुसते गुण पाहून कॉपी ओळखण्यासारखे. त्याहून बारीक पद्धतीत सात जनुके ताडून पाहतात, म्हणजे पेपरातले सातच प्रश्न. शॅरन पीकॉक, ज्युलियन पार्खिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संपूर्ण उत्तरपत्रिकाच वाचली. तेव्हा एकाच घराण्याच्या जंतूंचे २६ जण निघाले. बाळांपासून आयांना, बाळंतिणींच्या कक्षात आणि हॉस्पिटलबाहेर घरोघरी तो पोहोचला होता. आपल्याकडे बाळ पाहायला अर्धा मोहल्ला लोटतो आणि प्रत्येकाला ते उचलून घ्यायचे असते, त्याची मला येथे आठवण झाली.

कक्ष कसून धुऊन काढला. शेवटचे बाधित बाळ गेल्यानंतर ६४ दिवसांनी पुन्हा एका बाळावर एमआरएसए! नवा पाहुणा की जुनाच? मजकूर तातडीने वाचला, चुका जुळल्या, जुनाच होता. मग इतके दिवस तो राहिला कोठे? १५४ कर्मचाऱ्यांची तपासणी झाली. एका व्यक्तीच्या अंगावर तो सापडला, आणि तिचे जंतूही त्याच घराण्याचे निघाले.

आपल्याकडे दवाखान्यात काही बिघडले की आधी झाडूवाल्या बाईकडे बोट जाते. तपास होतच नाही. वास्तविक नाकातल्या जंतूची कोणाला कल्पना असणार? त्याला गुन्हा कसे म्हणावे? वर्गात कॉपीच्या संशयावरून मीही एकदा भलत्याच मुलाला उभे केले होते. दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाचले ते नंतर.

केंब्रिजच्या त्या व्यक्तीवर उपचार करून तिच्या अंगावरील जंतू घालविण्यात आले. २०१३ साली हा सर्व वृत्तांत वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तिचे नाव त्यात कोठेही नाही.