स्टीअरिंगचा बोल्ट काढायचाय? आधी दाते मोजा

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस नोट आला. "दादा, स्टीअरिंगच्या मधला बोल्ट काढायला कुठला पाना लागतो? नंबर सांग, आजच घेतो." बास, एवढंच. आणि मला हसूच आलं, कारण चार वर्षांपूर्वी मीही हाच प्रश्न असाच विचारला होता. कोणीतरी उत्तर दिलं, मी ते ऐकलं, आणि बोल्टची वाट लावली. त्यामुळे आजचा अख्खा भाग त्या एका बोल्टवर.

गाडी होती सेकंडहँड पोलो, आपल्या चाकणलाच बनलेली. हॉर्न अचानक बंद पडला आणि त्याच आठवड्यात मीटरमध्ये एअरबॅगचा लाल दिवा लागला. हे दोन्ही एकत्र झालं की पहिला संशय क्लॉक स्प्रिंगवर घ्यायचा. स्टीअरिंगच्या मागे एक चपटी डबी असते, तिच्यात कॅसेटच्या फितीसारखी वायरची पट्टी गुंडाळलेली असते. स्टीअरिंग फिरतं तशी ती उलगडते, गुंडाळते. ती तुटली की हॉर्न जातो आणि, जास्त महत्त्वाचं म्हणजे, ड्रायव्हरच्या एअरबॅगला सिग्नल जात नाही. म्हणजे गाडी चालते, पण ठोकली तर फुगा उघडेलच याची खात्री नाही. ती डबी बदलायची तर स्टीअरिंग काढावं लागतं, आणि स्टीअरिंग धरून ठेवतो हा मधला एकच बोल्ट.

आता पुढे जायच्या आधी एक थांबा. त्या बोल्टवर एअरबॅग बसलेली असते, आणि एअरबॅग म्हणजे एक छोटा स्फोटकच आहे, मस्करी नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, आणि मग तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जेवढा वेळ लिहिलाय तेवढं थांबायचं, कारण सिस्टीममध्ये चार्ज शिल्लक राहतो. मी अर्धा तास थांबतो, चहा घेतो. एअरबॅग काढली की तिचं कव्हर वरच्या बाजूला ठेवून लांब ठेवायची, उलटी नाही. उलटी ठेवली आणि फुटली तर ती रॉकेटसारखी उडेल. तिच्या पिनांना मल्टीमीटर लावून बघायचं नाही. आणि हे वाचून पोटात गोळा आला असेल, तर एअरबॅगचा भाग गॅरेजवाल्याकडून करून घ्या. त्यात लाज काही नाही.

हं, तर बोल्ट. एअरबॅग निघाली, आत खोल एक बोल्ट दिसला, डोक्यात चांदणीसारखा खड्डा. मला वाटलं, हा तर टॉर्क्स. माझ्याकडे ऑनलाइन घेतलेला एक स्वस्त बिट सेट होता, त्यातला जो बिट आत गेला तो घातला. थोडा हलत होता, पण जात होता ना! गोटी पान्याचं रॅचेट लावलं आणि जोर दिला. कर्र... आणि बिट गोल फिरला. बोल्ट नाही, बिट. बाहेर काढला तर त्याच्या टोकाला लोखंडाचा भुगा. तो भुगा बोल्टचा होता.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मिस्त्री काका आहेत. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "मोबाईल आहे ना तुझ्याकडे? टॉर्च लावून त्या खड्ड्याचा फोटो काढ, झूम कर, आणि दाते मोज." मी मोजले. बारा. काका म्हणाले, "मग टॉर्क्स कसा असेल रे? टॉर्क्सला सहा असतात."

इथेच सगळी गोम आहे, म्हणून जरा नीट सांगतो. टॉर्क्सला सहा पाकळ्या असतात आणि त्या गोलसर असतात. ॲलन म्हणजे साधा षटकोन, सहा सरळ बाजू. आणि फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच गाड्यांत, म्हणजे पोलो, गोल्फ, पसाट, स्कोडाच्या कितीतरी, स्टीअरिंगला असतो तो बारा दात्यांचा. तीन चौकोन एकावर एक तिरपे ठेवले तर जी आकृती बनेल ती. जर्मन कंपन्या त्याला एक्सझेडएन म्हणतात, इंग्रजीत ट्रिपल स्क्वेअर. माझ्या बोल्टला लागणारा साइझ होता एम १२. त्यात टॉर्क्स अडकतो, पण दोन-चार ठिकाणीच टेकतो. सगळा जोर त्या दोन-चार ठिकाणी येतो आणि दाते सोलले जातात. दुकानात मागतानाही नीट सांगा, नाहीतर बारा दात्यांची दुसरीच बिट हातात येते: दोन षटकोन मिळून बनलेली. बाहेरून ती सारखीच वाटते, पण तिचे कोन वेगळे असतात.

बाकी गाड्यांचं वेगळं. टोयोटा, सुझुकी वगैरे जपानी घराण्यात बऱ्याचदा बोल्ट नसतोच. बाहेर आलेल्या दांड्यावर नट असतो, साधी गोटी चालते, साधारण १७ किंवा १९ नंबर. बीएमडब्ल्यूच्या ई४६, ई९० मध्ये १६ नंबरचा षटकोनी बोल्ट. मर्सिडीजच्या जुन्या डब्ल्यू१२४ ला १० नंबरचा ॲलन. म्हणून त्या श्रोत्याला नंबर लगेच देता येत नव्हता. आधी फोटो पाठव, मग नंबर.

दुसऱ्या दिवशी मी नाना पेठेत गेलो. पुण्याबाहेरच्यांसाठी सांगतो, तिथे स्पेअर पार्ट्सच्या दुकानांची रांगच आहे. मुंबईकरांना हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट. मी मागितलं, "एक्सझेडएन एम १२, अर्धा इंच ड्राइव्ह, लांब." लांब हा शब्द विसरू नका. बोल्ट स्टीअरिंगच्या पोटात खोल बसलेला असतो. छोटा बिट घेतला तर रॅचेटचं डोकं स्टीअरिंगला टेकतं, पाना तिरका होतो, आणि तिरका पाना म्हणजे पुन्हा कर्र. साधारण १० सेंटीमीटरचा बिट मिळाला, एका सिनेमाच्या तिकिटाएवढ्या पैशात.

काका आले ते स्वतःची लांब दांडी घेऊन. मी म्हटलं, "काका, माझ्याकडे रॅचेट आहे की." ते म्हणाले, "तुझं रॅचेट वीतभर. तुला जोर लागेल आणि हात हलेल. हात हलला की बिट निसटतो." हिशोब करून बघा. समजा बोल्ट सुटायला ५० न्यूटन-मीटर लागतात. अर्ध्या मीटरच्या दांडीच्या टोकाला ते साधारण १० किलोचं वजन झालं. पाव मीटरच्या रॅचेटवर तेच २० किलो. त्यात बोल्टच्या आट्यांना कंपनीने लॉकचा लेप लावलेला असतो, म्हणजे सुटताना बसवण्यापेक्षा जास्तच जोर मागणार. लांब दांडी ताकदीसाठी नसते, सावकाश जोर लावता यावा म्हणून असते. गॅरेजमधली इम्पॅक्ट गन मात्र काकांनी आणलीच नाही. "आत कॉलम आहे, बेअरिंग आहे, त्याला हातोड्याचे दणके कशाला?" बोल्टला गरम करणं तर बाजूला प्लास्टिकची क्लॉक स्प्रिंग असताना विचारातही नको.

आधी त्यांनी सुई घेऊन बोल्टच्या खड्ड्यातला भुगा काढला, फुंकर मारली, पुन्हा काढला. मला वाटलं उगाच. पण माझ्या टॉर्क्सने फक्त वरचे दाते खाल्ले होते, तळाचे शाबूत होते. भुगा निघाल्यावर नवा बिट टक करून तळाला बसला. हलवून पाहिला, जरासुद्धा खेळ नाही.

मी किल्ली काढून स्टीअरिंग लॉकवर टाकत होतो, म्हणजे ते हलणार नाही. काका ओरडलेच. तो लॉक चोरासाठी आहे, त्याची बारीक पिन या जोराने वाकू शकते. लॉक काढा, चाकं सरळ ठेवा, आणि कोणीतरी स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरा. बहिणीला बोलावलं. "दादा, किती जोरात धरू?" "स्कूटी ढकलतेस ना, तेवढ्या." काकांनी दांडी एका हाताने खाली दाबली, दुसऱ्या हाताने बिट आत रेटून धरला. टक! असा आवाज आला की मला वाटलं तुटला. सुटला होता.

मी आनंदात बोल्ट पूर्ण काढायला लागलो, तर पुन्हा ओरडा. चार आटे राहू द्यायचे. स्टीअरिंग दांड्याच्या खाचांवर घट्ट बसलेलं असतं, आपण हलवून ओढतो आणि ते एकदम सुटतं. बोल्ट नसेल तर ते थेट तोंडावर. चार आटे असतील तर तिथेच अडकतं. काकांच्या पुढच्या एका दातावर कॅप आहे, त्याची गोष्ट त्यांनी तेव्हा सांगितली. मग मार्करने दांडा आणि स्टीअरिंगवर एक रेघ मारली, नाहीतर परत बसवताना एक खाच इकडेतिकडे आणि स्टीअरिंग कायम वाकडं.

बोल्ट मी नवाच घेतला, जुना खाल्लेलाच होता. तसंही या गटाच्या काही गाड्यांत बोल्ट मोजक्या वेळाच परत वापरायचा असतो, काहींत प्रत्येक वेळी नवा. बसवतानाचा जोरही वेगळा: कुठे सरळ ५० न्यूटन-मीटर, कुठे आधी ३० आणि वर ९० अंश. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल बघा आणि टॉर्क रेंच वापरा, अंदाज नको. रेंच नसेल तर एका दिवसासाठी मागून आणा. मी काकांचाच आणला.

बॅटरी परत जोडताना गाडीत कोणी बसू नका. मी बाहेर उभं राहून जोडली. हॉर्न लगेच वाजला, समोरच्या बिल्डिंगमधल्या आजी खिडकीत आल्या. लाल दिवा मात्र तसाच होता, तो काकांनी स्कॅनर लावून घालवला.

तर, ज्याने व्हॉइस नोट पाठवला त्या भावा, तुझ्या बोल्टचा फोटो पाठव. टॉर्च लावून, सरळ वरून काढ. दाते मोजून उत्तर देतो.