कृष्णधवल एकटेपणा

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात स्लाइड्स दाखवत केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)

कोजागिरीला एकटेपणासारखा विषय कोणी घेतं का, असं आमच्या घरी आधीच विचारून झालेलं आहे. पण गेली बारा-तेरा वर्षं मी ॲमस्टरडॅम, हेग, रॉटरडॅमच्या रस्त्यांवर कृष्णधवल फोटो काढत हिंडतोय आणि त्यांत पुन्हा पुन्हा हेच येतं. मग दुसऱ्या कशावर बोलणार?

आधी शब्दांचं बघू. आपल्याकडे एकांत वेगळा आणि एकटेपणा वेगळा. एकांत माणूस मागून घेतो, एकटेपणा वाट्याला येतो. डच लोकही 'अलेन' आणि 'एनझाम' असा फरक करतातच. फोटोची पंचाईत अशी की ट्रामच्या थांब्यावर पावसात उभी असलेली बाई यांपैकी नक्की कशात आहे, हे कॅमेऱ्याला कळत नाही. ते ठरवतो आपण, बघणारे.

पहिली स्लाइड माझी नाही. एमी आंद्रीस या छायाचित्रकर्तीने १९४४-४५ च्या हिवाळ्यात ॲमस्टरडॅममध्ये काढलेला हा प्रसिद्ध फोटो आहे. भांडं घेऊन निघालेला एक मुलगा. इथल्या शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांना 'होंगरविंटर' माहीत असतो. जर्मनांच्या ताब्यातल्या पश्चिम नेदरलँड्समध्ये अन्न संपलं, कोळसा संपला, वीस हजारांच्या आसपास माणसं गेली. सार्वजनिक स्वयंपाकघरातून मिळेल ते आणायला लोक घरचं भांडं घेऊन जात. रस्त्यावर फोटो काढायला तेव्हा बंदी होती आणि आंद्रीस स्वतः ज्यू. ती आणि तिचे सहकारी पिशवीत, कोटाखाली कॅमेरा लपवून काम करत. पुढे त्या गटाला 'लपलेला कॅमेरा' असंच नाव पडलं. १९५३ साली, अवघ्या ३९ व्या वर्षी ती गेली.

या फोटोत मला सगळ्यात जास्त बोलतं ते भांडं. ते बघितलं की घरी कोण वाट बघत असेल, हा प्रश्न आपोआप येतो. चौकटीत नसलेली माणसं चौकटीत येतात. मोकळ्या मैदानात एक ठिपक्याएवढा माणूस उभा केला की झाला एकाकी फोटो, असं पुष्कळांना वाटतं. क्लबच्या स्पर्धांत असे ढिगाने येतात. मला ते भिंतीवरच्या कॅलेंडरसारखे वाटतात, राग मानू नका.

दुसरा माणूस एड व्हान डेर एल्स्केन. जन्म ॲमस्टरडॅमचा, १९२५. पंचवीस वर्षांचा असताना पॅरिसला गेला. मॅग्नमच्या मोठमोठ्या छायाचित्रकारांचे फोटो जिथे धुतले जायचे, त्या लॅबमध्ये काम केलं आणि रात्री कॅफेंमधून युद्धानंतरच्या भरकटलेल्या तरुण पोरांबरोबर बसला. त्यातून १९५६ साली सँ-जेरमँ-दे-प्रे इथल्या प्रेमकहाणीचं त्याचं पुस्तक आलं. वाली मायर्स नावाची ऑस्ट्रेलियन नर्तकी त्याची नायिका. त्या फोटोंत कॅफे भरलेलेच असतात. माणसाला माणूस चिकटून बसलेला असतो. पण डोळे बघा! हिची नजर इकडे, त्याची तिकडे. आपल्याकडे 'गर्दीत एकटा' म्हणतो ना, ते असं दिसतं. दादर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता हा फोटो मिळेल, त्यासाठी हिमवर्षाव लागत नाही.

मग रंग का काढायचे? रघुबीर सिंग या आपल्या मोठ्या छायाचित्रकाराने १९९८ च्या 'रिव्हर ऑफ कलर' या पुस्तकात अगदी उलट मांडणी केली आहे. पाश्चात्त्य कृष्णधवल फोटोंतलं ते तुटलेपण आपल्या परंपरेत नाही, भारतीय डोळा रंगातच बघतो, असं त्यांचं म्हणणं. वाद घालण्याजोगं आहे, पण टाकाऊ नाही. गणपतीच्या मिरवणुकीचा कृष्णधवल फोटो मलाही अर्धाच वाटतो. इथे मात्र माझा अनुभव वेगळा आहे. थांब्यावरच्या त्या बाईच्या हातात आल्बर्ट हाइनची निळी पिशवी असते, मागे कोणाचं तरी केशरी जाकीट. रंगीत फोटोत डोळा आधी पिशवीवर जातो. रंग काढला की खांद्यांचा बाक दिसतो, आणि बाईभोवतीची रिकामी जागा.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. डिजिटल कॅमेऱ्याचा पडदा कृष्णधवल करून ठेवा, म्हणजे बघतानाच सवय लागते. रॉ फाइलमध्ये रंग राहतातच. झूम नको, ३५ मिलिमीटरची लेन्स पुरे. इथल्या ज्या ढगाळ आभाळाला आपण नावं ठेवतो, ते आभाळ म्हणजे फुकटची मऊ प्रकाशपेटी! आणि डिसेंबर-जानेवारीत ऊन पडलंच तर सूर्य इतका खाली असतो की भरदुपारी सावल्या माणसापेक्षा लांब. जागा आधी निवडायची आणि माणूस येईपर्यंत थांबायचं.

आता हे आजोबा. स्खेवेनिंगनचा समुद्र, बाकावर एकटेच, कॉलर वर केलेली. हा फोटो मी ज्यांना ज्यांना दाखवला ते सगळे 'अरेरे' म्हणाले. आणि ही चार मिनिटांनंतरची स्लाइड: आजी पटाटचे दोन कोन घेऊन आल्या! दोन्ही फोटो मी नेहमी जोडीनेच दाखवतो. आजोबांना विचारूनच घेतले आहेत. सार्वजनिक जागी फोटो काढायला इथे सहसा आडकाठी नाही, पण तो छापण्याला त्या माणसाची रास्त हरकत असेल तर डच कॉपीराइट कायद्याचं २१ वं कलम त्याच्या बाजूने आहे. कायद्याचं सोडा, एखाद्याला परस्पर 'एकाकी' ठरवून भिंतीवर टांगणं मला बरं वाटत नाही.

शेवटच्या दोन स्लाइड्स घरच्या आहेत. आई एप्रिलमध्ये तीन महिन्यांसाठी आली होती. हा क्यूकेनहॉफचा रंगीत फोटो, ट्यूलिप, हसू, सगळं आहे. पुण्याला पाठवला, 'मज्जा आहे तुमची' अशी उत्तरं आली. आपल्या सगळ्यांच्या अल्बममध्ये असेच फोटो असतात. पहिला हिवाळा, नवरा ऑफिसला गेल्यानंतरची दुपार, भाषा न समजणारं दुकान, यांचा एकही फोटो तुमच्याकडे नसेल, पैज लावतो.

आणि ही दुसरी. ॲमस्टलवेनचं आमचं घर, खालून रस्त्यावरून घेतलेला फोटो. संध्याकाळचे पाच. काचेमागे आई उभी, काचेत समोरच्या घरांचं प्रतिबिंब, आई त्यात अर्धी पुसल्यासारखी. तिला दाखवला तेव्हा बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "हा खरा माझा फोटो. पण तिकडे पाठवू नकोस हं." आज तो इथे लावण्यासाठी तिला फोन केला, तर म्हणाली, "तिथल्यांना दाखव की. त्यांच्याही आया येतातच ना."

ती पुढच्या एप्रिलमध्ये परत येतेय. दुपारी तासभर तिला कोणाकडे बसायला जाता येईल का, हे मी तुमच्यापैकी ॲमस्टलवेनच्या मंडळींना आज जाण्याआधी विचारणार आहे.