काडी तीच, वास वेगळा



प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल पाच मिनिटं बोलायचं असं ठरलंय. माझं काम सॉफ्टवेअरचं. ते ऐकवून तुमचं जेवण लांबवत नाही. त्याऐवजी एका फोनची गोष्ट सांगते. सर, गोष्ट वाईनची आहे, पण आज आपण फक्त वासापर्यंतच जाऊ.

दोन वर्षांपूर्वी आपल्याच वर्गातल्या एकाचा फोन आला. तो इथेच बसलाय, नाव घेऊ नको म्हणालाय. "खाण्याच्या द्राक्षाचा एक प्लॉट काढून शार्डोने लावायचं म्हणतोय. पांढऱ्या वाईनचं द्राक्ष. रोपवाटिकेवाला विचारतोय, क्लोन कुठला? अगं, शार्डोने म्हणजे शार्डोनेच ना? तू कॉम्प्युटरवाली, शोधून सांग."

मलाही तसंच वाटलं होतं. बी लावलं तर पोर निराळं निघतं, म्हणून वेल काडीनेच वाढवतात. काडी म्हणजे फाइलची कॉपी. ती वेगळी कशी असेल?

मग आपलीच तास-ए-गणेश आठवली. थॉम्पसनच्या बागेत एक वेल वेगळी दिसली, ती तासगावकडच्या शेतकऱ्याने हेरली, तिच्याच काड्या लावत गेले आणि नवं वाण झालं. नान्नजची सोनाकाही तशीच, लांब मण्यांची. म्हणजे वर्षानुवर्षं कॉपी करताना कुठेतरी एखादं अक्षर बदलतं. मण्याची लांबी डोळ्यांना दिसते. वास मात्र दिसत नाही. तो निवडायला चव घ्यावी लागते, प्रयोगशाळेत मोजावा लागतो.

फ्रान्समध्ये अशा निवडलेल्या वेलींना क्रमांक देतात. शार्डोनेचे ७६, ९५, ९६ हे क्लोन नेहमीच्या, मवाळ वासाचे. ८०९ मात्र मस्कत द्राक्षासारखा, फुलांच्या वासाचा. तो वास येतो लिनालूल, जिरॅनिऑल अशा टर्पीन गटातल्या द्रव्यांमुळे. लिनालूल आपल्या धण्यात असतं, जिरॅनिऑल गुलाबात.

फरक कशाने पडला? टर्पीन तयार होण्याच्या साखळीत सुरुवातीलाच एक एन्झाइम लागतं. ते घडवणाऱ्या डीएक्सएस नावाच्या जनुकात एका अक्षराचा बदल झाला आणि कच्चा माल जास्त येऊ लागला. वास नवा घडला नाही. नळ जास्त उघडला, एवढंच. मस्कत द्राक्षांतही बदल त्याच जनुकात आहे, फक्त जागा वेगळी. आम्ही एका अक्षराच्या चुकीपायी रात्र जागून काढतो. इथे ती चूक कुणीतरी जपून ठेवली.

हे कळल्यावर मी उत्साहाने त्याला फोन केला. त्याने एकच विचारलं, "घेणाऱ्याला हा वास हवाय का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या वायनरीला साधी शार्डोने हवी, तिला फुलांचा वास नकोच असेल. शिवाय क्लोन म्हणजे सगळं नव्हे. बरीचशी टर्पीनं मण्यात साखरेला बांधलेली असतात. तशी असेपर्यंत त्यांना वास नसतो. घडावर ऊन किती, काढणी कधी, यीस्ट कोणतं, यावरही वास ठरतो. माझं चुकलं तर मी मागचं व्हर्जन परत आणते. त्याने प्लॉट काढला, मांडव नव्याने भरला आणि पंधरा वर्षांसाठी चुकीची काडी लावली, तर कर्ज तेवढं राहणार.

म्हणून आम्ही दोघांनी मिळून ठरवलं: आधी घेणाऱ्याशी बोलायचं, आणि सगळा प्लॉट काढायचा नाही. त्याने दोन क्लोनच्या चार-चार ओळी लावल्या. बाकी खाण्याचीच द्राक्षं आहेत. हप्ता त्यावरच जातोय. कराराचा कागद अजून हातात नाही. वायनरीने दोन्हींची वाईन वेगवेगळी करून बघायचं कबूल केलंय, तेवढंच.

जाता जाता बागवाल्या मित्रांना एक विनंती. एखादी वेल वेगळी दिसली, मणी तोंडात टाकल्यावर वेगळा वास आला, तर लगेच उपटू नका. तिला एक चिंधी बांधा, वहीत लिहून ठेवा, पुढच्या हंगामात पुन्हा चाखा. तास-ए-गणेशही एका वेलीपासूनच सुरू झाली.

चला, जेवायला.