उन्हाला धरणारी तबकडी

हिंगोली, वसमत, औंढा भागात एप्रिलचं ऊन कसं असतं, ते तुम्हाला सांगायला नको. दुपारी स्वच्छ आकाश असेल, तर एक चौरस मीटर जागेवर साधारण १००० वॉट शक्तीचं ऊन पडतं. पण पसरलेल्या उन्हात वरण शिजत नाही. ऊन एका जागी गोळा करावं लागतं.

इथे अकरावीच्या गणिताच्या पुस्तकातला अन्वस्त, म्हणजे पॅराबोला, कामी येतो. त्याच्या अक्षाला समांतर आलेला प्रत्येक किरण परावर्तित होऊन एकाच बिंदूत, नाभीत, पोहोचतो. भांडं तिथेच टांगायचं. साध्या गोल वाटीच्या आकाराला हे नेमकेपणाने जमत नाही.

अशा आकाराची तबकडी करायची असेल, तर हिशोब सोपा आहे. मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग करा आणि त्याला नाभी-अंतराच्या चौपटीने भागा. तेवढी त्या ठिकाणची उंची. नाभी ४५ सेंटिमीटरवर धरली, तर ३० सेंटिमीटरवर उंची ५, आणि ६० वर, म्हणजे काठाशी, २०. हे बिंदू जाड पुठ्ठ्यावर जोडले की साचा तयार!

शिर्डीच्या साई प्रसादालयात २००९ पासून अशाच तत्त्वावरच्या, प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ तबकड्या वाफ तयार करतात. आपल्या घरगुती तबकडीत शेतातली सगळी हळद शिजवण्याचं स्वप्न मात्र पाहू नका. भात, डाळ, चहा, एवढं पुष्कळ झालं.

तबकडी दर पंधरा-वीस मिनिटांनी सूर्याकडे वळवा. नाभीत हात घालू नका, काळा चष्मा लावा, आणि वापर नसताना तबकडी झाकून ठेवा.