जुन्या घाटाची बेस गिटार

लिओ फेंडर यांनी १९५१ साली अमेरिकेत विजेवरची चार तारांची बेस गिटार बाजारात आणली. त्या घाटाची नवी वाद्ये आजही मिळतात. काहींचा रंग तर मुद्दाम खरवडलेला असतो! घरातल्या मुलासाठी साठवलेला पैसा त्या रंगावर उधळू नका. आधी दांडी पाहा. तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर दाबली, की मध्ये पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट दिसावी. तारांची ओढ तोलण्यासाठी दांडीत पोलादी सळई असते. आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरकडच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरते, दांडी हलते. तेव्हा सळई एका वेळी पाव फेराच फिरवावी. वाद्य ओल्या भिंतीला टेकवू नये, तारा रोज पुसाव्यात. मग हेच वाद्य नातवंडांच्या हातीही सुरात बोलेल.