हृदयासाठी एक पेला?

आम्ही गझल लिहिणारी मंडळी मद्यावर फार बोलतो. साकी, जाम, मैखाना हे शब्द नसते तर अर्धी उर्दू शायरी मुकी झाली असती. मीही पेला कवितेत उचलतो, ओठाला मात्र लावत नाही. आमच्या धर्मात ते बसत नाही. पण आज बोलायचं आहे ते धर्माच्या नव्हे, आरोग्याच्या अंगानं. कारण गेल्या काही वर्षांत रेड वाइनचा हा पेला कवितेतून उठून औषधांच्या कपाटात जाऊन बसला आहे.

माझ्या एका कविमित्राची बायपास झाली आहे. ‘रोज एक ग्लास रेड वाइन घेतो, हृदयाला चांगली असते,’ असं ते सांगतात. त्यांच्या पत्नीनं एकदा मला हळूच विचारलं, ‘भाई, हे खरंच औषध आहे का हो?’ प्रश्न त्यांच्या नवऱ्याच्या जिवाचा होता, म्हणून मी शोध घेऊ लागलो.

या समजाचं मूळ फ्रान्समध्ये आहे. तिथले लोक लोणी, चीज भरपूर खातात, तरी हृदयविकारानं कमी दगावतात. हे कोडं १९९१ साली अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमानं घरोघरी पोचवलं. संशोधक सर्ज रेनो यांनी १९९२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचं श्रेय वाइनला दिलं. अमेरिकेत रेड वाइनचा खप एकदम वाढला. द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेराट्रॉल हे द्रव्यही गाजलं. पण एक लिटर वाइनमध्ये ते जेमतेम काही मिलिग्रॅम असतं. २००६ साली उंदरांवरच्या एका प्रयोगात ज्या प्रमाणात ते दिलं, त्या हिशेबानं माणसाला रोज शेकडो बाटल्या प्याव्या लागतील!

मग थोडी पिणारे अधिक जगतात, असं पाहणीत का दिसत होतं? ‘न पिणाऱ्यां’मध्ये आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले जात. शिवाय जेवणाबरोबर एक पेला घेणारा माणूस बहुधा खाऊनपिऊन सुखी, भाजीपाला खाणारा, फिरायला जाणारा, वेळेवर डॉक्टरकडे जाणारा. पालखी वाहतात भोई, नाव होतं आत बसलेल्याचं! २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे ३ लाख ७१ हजार लोकांच्या माहितीवरून हेच दिसलं. थोडं पिणाऱ्यांची राहणीच मुळात निरोगी होती. तिचा हिशेब धरल्यावर वाइनचा फायदा बराच आटला.

आता दुसरी बाजू. १५० मिलिलिटर वाइनमध्ये साधारण १४ ग्रॅम अल्कोहोल असतं. बाटली कितीही देखणी असो, शरीराला ते अल्कोहोलच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक ठरवलं. स्त्रियांमध्ये थोड्या मद्यानंही स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट केलं, की आरोग्याला सुरक्षित म्हणावी अशी मद्याची कोणतीही मात्रा नाही.

हृदयापुरता तज्ज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण जो पीत नाही त्यानं हृदयासाठी सुरुवात करावी, असं अमेरिकेची हृदयरोग संघटनादेखील सांगत नाही. वहिनींना मी तेवढंच म्हणालो, ‘आवड म्हणून घेतात, असं म्हणा. औषध म्हणू नका. आणि गोळ्या चालू असताना ती चालेल का, ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.’

आपल्याकडे हा प्रश्न शेतकऱ्याशीही जोडला जातो. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा केवढा वाद झाला! नाशिकच्या द्राक्षाला भाव मिळावा, हे कुणालाही पटेल. त्यासाठी वाइनला औषधाचं लेबल लावायची गरज नाही. साल हवी असेल तर द्राक्षं खावीत. भुईमुगाच्या शेंगेतही रेझव्हेराट्रॉल असतंच. शायरीतला जाम खुशाल काठोकाठ भरावा, त्याची किंमत कुणाच्या यकृताला मोजावी लागत नाही. खऱ्या पेल्याचा हिशेब मात्र वेगळा आहे.