पौर्णिमेचा चंद्र आणि आपला सण

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या सभेंत आकाशांतील चंद्राविषयीं बोलावें, हें कोणास विचित्र वाटेल. परंतु ज्या धर्मग्रामाचीं वर्षें आज आपण मोजीत आहों, त्यांतील प्रत्येक वर्षाचा मुख्य सण चंद्राच्या हिशेबानेंच ठरलेला आहे. नाताळ दरवर्षीं २५ डिसेंबरलाच येतो. प्रभूच्या पुनरुत्थानाचा सण मात्र कधीं मार्चअखेर, तर कधीं एप्रिलच्या उतरत्या दिवसांत येतो, आणि राखेचा बुधवार, झावळ्यांचा रविवार, पेन्टेकॉस्ट हे दिवस त्याच्याबरोबर सरकतात. असें कां, हें धर्मशिक्षणाच्या वर्गांतील मुलें विचारतात, आणि आपण भिंतीवरील छापील कॅलेंडराकडे बोट दाखवून मोकळे होतों. आज आम्ही त्या कॅलेंडरामागील आकाशाकडे बोट दाखवूं इच्छितों.

नियम थोडक्यांत असा: २१ मार्च रोजीं किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्या पुढील रविवारीं हा सण पाळावा. पौर्णिमाच रविवारीं आली, तर सण त्यापुढच्या रविवारीं. २०२५ सालीं असेंच झालें. १३ एप्रिलच्या रविवारीं पौर्णिमा होती, म्हणून ईस्टर २० एप्रिलला आला. ह्या नियमाचें मूळ यहुदी लोकांच्या पास्का सणांत, म्हणजे वल्हांडणांत आहे. त्यांचा महिना नव्या चंद्रकोरीबरोबर सुरू होतो, आणि पास्का चौदाव्या दिवशीं येतो. अर्थात् पौर्णिमेच्या सुमारास. ऑलिव्ह झाडांच्या ज्या बागेंत प्रभूनें प्रार्थना केली, तिच्यावर त्या रात्रीं भरल्या चंद्राचा प्रकाश असला पाहिजे.

ह्यावरूनच एका जुन्या शंकेचें निरसन होतें. क्रूसावरील तीन तासांचा अंधार म्हणजे सूर्यग्रहण होतें, असें कोणी कोणी म्हणतात. परंतु सूर्यग्रहण होतें तें अमावास्येस. पौर्णिमेस तें होणेंच शक्य नाहीं. हें उत्तर तिसऱ्या शतकांतील ख्रिस्ती लेखक ज्युलियस आफ्रिकॅनस ह्यांनींच देऊन ठेविलें आहे. शिवाय सूर्याची खग्रास स्थिति एका ठिकाणीं साडेसात मिनिटांहून अधिक टिकत नाहीं.

सर्वांनीं हा सण एकाच रविवारीं पाळावा, असें ३२५ सालीं नायसियाच्या धर्मपरिषदेंत ठरलें. पण तेव्हांचें वर्ष खऱ्या सौर वर्षाहून सुमारें ११ मिनिटांनीं मोठें होतें. एवढ्याशा चुकीनें सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात २१ मार्चवरून ११ मार्चवर सरकला. तेव्हां पोप तेरावे ग्रेगरी ह्यांनीं १५८२ सालीं दहा दिवस गाळले. गुरुवार ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस शुक्रवार १५ ऑक्टोबर ठरला. मूळ योजना लिलियस नांवाच्या वैद्याची. ती जगाला समजावून देण्याचें श्रम येशूसंघीय गणिती ख्रिस्तोफर क्लाव्हियस ह्यांनीं घेतले. ह्याच क्लाव्हियसचे शिष्य मात्तेओ रिच्ची १५७८ सालीं गोव्यास उतरले व पुढें तीच विद्या घेऊन चीनला गेले.

आतां आपल्या शेजाऱ्यांच्या पंचांगाकडे पहा. बारा चांद्र महिने म्हणजे सुमारें ३५४ दिवस. सौर वर्षाहून ११ कमी. ही तूट भरून काढण्यासाठीं आपले हिंदु शेजारी अधिक महिना धरतात. २०२३ सालीं अधिक श्रावण आला तो असा. आपला सण त्याच तुटीपायीं मागें-पुढें होतो. अडचण एकच, तोडगे दोन. म्हणून आपली पास्काची पौर्णिमा ही सामान्यतः त्यांची होळीची किंवा चैत्री पौर्णिमा असते. २०२४ सालीं होळीनंतरच्या रविवारीं, ३१ मार्चला, ईस्टर आला. २०१९ सालीं तर शुभ शुक्रवार आणि हनुमान जयंती हीं दोन्ही १९ एप्रिललाच आलीं. एकाच वाटेनें एक मंडळी क्रूसाच्या वाटेच्या भक्तीस आणि दुसरी मारुतीच्या देवळास जात असेल, तर दोघांच्या डोक्यावर दिवा एकच होता.

त्या दिव्यावरील डागांत आपल्याकडे ससा पाहतात, युरोपांत माणसाचा चेहरा पाहतात. वस्तुतः तीं थिजलेल्या लाव्ह्याचीं मैदानें आहेत. १६५१ सालीं येशूसंघीय धर्मगुरु रिच्चिओली ह्यांनीं आपले सहकारी ग्रिमाल्दी ह्यांच्या नकाशावर त्यांस समुद्रांचीं नांवें दिलीं. त्यांतील शांतीच्या समुद्रावरच १९६९ सालीं मानवाचें पहिलें पाऊल पडलें. क्लाव्हियस ह्यांचेंहि नांव तेथील एका प्रचंड विवरास आहे.

एक गोष्ट मात्र आम्हांस कळकळीनें सांगावयाची आहे. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीं भारतांतून खग्रास चंद्रग्रहण दिसलें. ११ च्या सुमारास चंद्र पृथ्वीच्या छायेंत पुरता बुडाला, आणि ८२ मिनिटें तसाच राहिला. अशा वेळीं तो तांबूस दिसतो, कारण पृथ्वीभोंवतालची हवा सूर्याचे किरण वळवून छायेंत सोडते. निळा अंश वाटेंत विखुरतो, तांबडा पोंचतो. जगांतील साऱ्या उदयास्तांची लाली जणूं चंद्रावर सांडते. एवढें सुंदर दृश्य, आणि अजूनहि कित्येक घरांत त्या वेळीं अन्न झांकतात व गर्भवती मुलीस खोलींत कोंडतात! वडिलांनीं हें भीतिपोटीं, मायेनेंच केलें. त्यांस हंसण्याचें कारण नाहीं. पण छायेनें अन्न नासत नाहीं, गर्भास इजा होत नाहीं, आणि चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनीं पाहण्यांत कांहींहि धोका नाहीं. हें आपल्या लेकीसुनांस आपणच सांगितलें पाहिजे, आणि त्यांस हात धरून अंगणांत आणलें पाहिजे.

आज रस्तोरस्तीं विजेचे दिवे आहेत, त्यांबद्दल आम्ही तक्रार करीत नाहीं. पण मुलांस सणाची तारीख ठाऊक आणि तिथीचा चंद्र अनोळखी, ही गरिबी आपण त्यांच्या पदरीं घालूं नये. सणाच्या नियमावरून एक हिशेब निघतो: पवित्र गुरुवारची रात्र पौर्णिमेच्या दोन दिवस आधीं ते चार दिवस नंतर, एवढ्याच अवधींत येऊं शकते. म्हणजे त्या रात्रीं मध्यरात्रीपूर्वीं चंद्र आकाशांत असतोच. तेव्हां येत्या पवित्र गुरुवारीं पवित्र साक्रामेंतापुढील जागरण संपवून बाहेर पडाल, तेव्हां क्षणभर थांबा, लेंकरांस वर पहावयास सांगा, आणि आपला सण त्या चंद्रावरून कसा मोजला जातो तें त्यांस समजावून द्या.